भाची जर्मनीला येतेय, जरा लक्ष ठेवाल का?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास एक फोन हमखास येतो. पुण्याहून, नाशिकहून किंवा सांगलीहून कुणीतरी विचारतं, "आमची भाची तुमच्याच गावाला येतेय शिकायला. जरा लक्ष ठेवाल का?" अलीकडे हे फोन वाढलेत. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वांत जास्त आहेत आणि २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती. "हो हो, नक्की" असं सगळेच म्हणतात. पुढं नेमकं काय करायचं, ते इथे क्रमानं सांगते.

बहुतेक जण विमानतळावर घ्यायला जातात, घरी नेऊन वरण-भात खाऊ घालतात आणि आपलं काम झालं असं समजतात. खरं तर त्या दिवशी तिला तुमची गरज सगळ्यांत कमी असते. अंगात उत्साह असतो, मोबाइलवर नकाशा असतो आणि घरचे दर तासाला फोन करत असतात. गरज लागते ती पुढे, दोनदा. पहिल्यांदा सुरुवातीच्या पंधरवड्यात, कारण तेव्हा सरकारी कागद ठरावीक क्रमानंच करावे लागतात आणि एक अडला की मागचे सगळे अडतात. दुसऱ्यांदा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. तोवर कागद झालेले असतात, पण दिवस दिवस कुणाशी चार शब्द बोलणं होत नाही. तुमच्याकडे वेळ थोडा असेल तर विमानतळ सोडा आणि हे दोन काळ धरा.

आणि एक पथ्य सुरुवातीपासून पाळा. काम तिच्या शेजारी बसून करा, तिच्याऐवजी करू नका. "काका, तुम्हीच बोला ना, मला जर्मन नाही येत," असं ती म्हणेल. पहिला फोन तुम्ही करा, तिला ऐकू द्या. दुसऱ्या वेळी दोन वाक्यं कागदावर लिहून द्या आणि तिला बोलायला लावा. तिसऱ्या वेळी तुम्ही तिथे नसलात तरी तिचं अडायला नको.

निघण्याआधीचा फोन

निघायच्या महिनाभर आधी तिच्याशीच बोला, आईवडिलांमार्फत नको. पहिला प्रश्न खोलीचा. होस्टेल मिळालं असेल तर छान. नसेल आणि ती तात्पुरत्या खोलीत उतरणार असेल, तर त्या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येईल का, हे तिनं घरमालकाकडून लेखी विचारून घ्यावं. उत्तर नाही असेल, तर ती खोली फक्त पाठ टेकण्यापुरती आहे हे धरून चालावं. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी पोस्टानं पाठवतो," असं सांगणारा घरमालक हा फसवणाराच असतो. खोली तुमच्याच शहरात असेल तर एकदा जाऊन बघून या. विमानतळावर जाण्यापेक्षा ही मदत कितीतरी मोठी आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि कायद्यानं ते तीन हप्त्यांत देता येतं, हेही तिला सांगा.

कुणी भिडेखातर "पत्ता आमचा लाव" म्हणतं. ती खरंच तुमच्याकडे राहणार असेल तरच असं म्हणा. न राहणाऱ्या माणसाच्या नोंदणीसाठी पत्ता देणं इथे बेकायदा आहे आणि दंड मोठा आहे.

मग बॅग. तूप, पेढे, खव्याच्या करंज्या काढायला सांगा, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात आणायला बंदी आहे. डाळ-तांदूळही नकोत, ते इथे मिळतात. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, लसणाची चटणी यांना जागा द्यावी. कुकर आणायचा तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा आणावा. कित्येक होस्टेलांत इंडक्शनची शेगडी असते आणि त्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. जाड जॅकेट इथेच घ्यावं. चष्म्याचा एक जोड जास्तीचा हवा, दातांची कामं निघण्याआधी उरकावीत आणि रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवून त्यावर रोमिंग सुरू करून यावं, हे विसरू नका. भारतातल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. तो बंद पडला की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही आणि इथून तो पुन्हा सुरू करणं फार जिकिरीचं होतं.

पैशांचं गणितही आधीच मांडा. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण ते मिळायला इथलं बँक खातं लागतं आणि त्यात काही आठवडे जातात. तोवरचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि किराणा यांचे पैसे वेगळे हवेत.

पहिले दोन-तीन दिवस

या दिवसांत फारसं काही करू नका. झोप, सिमकार्ड, जवळचं दुकान, एवढं पुरे. मात्र खोलीवर एकदा स्वतः जा आणि तीन गोष्टी दाखवा.

पहिली, दार. इथल्या बऱ्याच दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार मागे ओढलं गेलं की बंद. चावी आत राहिली तर रात्री कुलूपवाल्याला बोलवावं लागतं आणि त्याचं बिल काहीशे युरोंचं होऊ शकतं. जास्तीची चावी असेल तर ती एका भरवशाच्या माणसाकडे ठेवायला सांगा. होस्टेलची चावी हरवली तर सगळ्या इमारतीचं कुलूप बदलण्याचा खर्च अंगावर येण्याची भीती असते, म्हणून चावीवर पत्ता लिहू नये.

दुसरी, लेटरबॉक्स. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन फक्त आडनाव वाचतो. लेटरबॉक्सवर नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर खात्याचं पत्र असं सगळं परत जातं, आणि तिला वाटत राहतं की अजून आलंच नाही. पहिल्याच दिवशी जाड अक्षरांत आडनाव लिहून चिकटवा. आपल्या पासपोर्टवर मुलीचं आणि वडिलांचं नाव सलग छापलेलं असतं. इथे वडिलांचं नाव तिचंच दुसरं नाव समजलं जातं. हरकत नाही, पण प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं लिहायला सांगा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसरीकडे घातलं, तर पुढे दोन वेगळ्या व्यक्ती असल्यासारखा घोळ होतो.

तिसरी, न्हाणीघर. शॉवरच्या चौकोनाबाहेर जमिनीला पाणी जायला वाट नसते. फरशीवर बादलीभर पाणी ओतलं तर ते खालच्या माणसाच्या छतातून उतरतं. संडासातही पाण्याची सोय नसते, एक छोटी बाटली किंवा मग ठेवावा. मुली हे विचारायला लाजतात, म्हणून घरातल्या मावशीनं किंवा ताईनं आपणहून सांगावं.

पहिला पंधरवडा: कागदांचा क्रम

सगळ्याची सुरुवात पत्त्याच्या नोंदणीपासून होते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून ती भारतातूनच घेऊन ठेवता आली तर उत्तम. बर्लिनसारख्या शहरात कोणत्याही भागातल्या कार्यालयात नोंदणी चालते, तेव्हा घराजवळचंच धरून बसू नये. सकाळी लवकर संकेतस्थळ पाहत राहिलं की रद्द झालेल्या वेळा सापडतात.

नोंदणीला पासपोर्ट, अर्ज आणि घरमालकाच्या सहीचा एक वेगळा कागद लागतो: ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते, असं लिहिलेला. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. पुष्कळ मुलं करार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. किल्ली घेतानाच हा कागद मागून घ्यायला सांगा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. इथे मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांना आयकरावर आणखी चर्चचा कर भरावा लागतो, बायर्न आणि बाडेन-व्ह्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के आणि बाकी राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध, जैन मुलांना तो लागू नाही. वसईचं किंवा गोव्याचं कॅथलिक मूल असेल, तर त्या रकान्यातल्या नोंदीचा पुढच्या पगारावर काय परिणाम होतो हे त्याला आधी समजावा. निर्णय त्याचा.

नोंदणीची पावती हातात आली की पुढचं मार्गी लागतं. बँकेत खातं उघडायचं आणि त्याचा नंबर गोठवलेल्या खात्याच्या कंपनीला कळवायचा. कर खात्याचा अकरा आकडी नंबर काही आठवड्यांत पोस्टानं आपोआप येतो. ते पत्र जन्मभर जपायचं आहे, अर्धवेळ नोकरीच्या पहिल्या दिवशी तोच नंबर मागतात.

आरोग्य विमा प्रवेश नक्की करतानाच लागतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विमा महिन्याला साधारण दीडशे युरोच्या घरात पडतो. खाजगी विमा स्वस्त दिसतो, पण तो निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत सहसा परत येता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, विद्यार्थ्यानं सरकारी विमाच घ्यावा. त्याच आठवड्यात घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर ठरवून ठेवावा. आजारी पडल्यावर डॉक्टर शोधत फिरण्यात हाल होतात. परीक्षेच्या दिवशी ताप आला तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. साधी पॅरासिटामोल सुपरमार्केटात मिळत नाही, औषधांच्या दुकानातूनच घ्यावी लागते. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जीवावर बेतलं तर ११२ आणि पोलिसांसाठी ११०. हे तीन नंबर तिच्या फोनमध्ये तिच्याकडूनच घालून घ्या.

शेवटचा कागद राहण्याच्या परवान्याचा. व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे अर्ज गेला पाहिजे. भेटीची तारीख कित्येक ठिकाणी महिनोन् महिने मिळत नाही. तरी घाबरायचं कारण नाही: वेळेत अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत राहता येतं असं प्रमाणपत्र मिळतं. मात्र अर्ज वेळेत पाठवल्याचा पुरावा हवा. ईमेल, पोचपावती, स्क्रीनशॉट, सगळं एका फाइलीत लावायला शिकवा.

आणि पत्रं. हा देश अजून पोस्टावर चालतो. नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. मुलांना ती फसवणूक वाटते आणि ती पत्र फाडून टाकतात. पुढे दंडासकट तगादा लागतो. एकाच घरात चौघी राहत असतील तर एकीनं भरायचं आणि वाटून घ्यायचं. पिवळ्या पाकिटात आलेलं पत्र त्याच दिवशी उघडायचं आणि पाकीटही ठेवायचं, कारण पाकिटावर पोस्टमननं लिहिलेल्या तारखेपासून उत्तराची मुदत मोजतात. "न समजलेलं कोणतंही पत्र आलं की त्याच संध्याकाळी मला फोटो पाठव," एवढं सांगून ठेवा. या एका सवयीनं पुष्कळ संकटं टळतात.

स्वयंपाकघर आणि शेजार

होस्टेलचं स्वयंपाकघर आठ-दहा जणांचं. फ्रिजमध्ये एक कप्पा, भिंतीवर एक कपाट, त्याची चावी. आपली फोडणी इथे खरी परीक्षा घेते. तेल कडकडीत तापलं, मोहरी तडतडली, त्यात सुकी मिरची पडली की धूर छताकडे जातो आणि तिथे धुराची सूचना देणारं यंत्र बसवलेलं असतं. ते इमारतीच्या यंत्रणेला जोडलेलं असेल, तर अग्निशमन दलाची गाडी दारात येते आणि तिचा खर्च भरायची वेळ येऊ शकते. म्हणून क्रम असा लावून द्या: आधी खिडकी उघडायची, मग शेगडीवरचा पंखा, मग खोल पातेल्यात मध्यम आचेवर फोडणी, आणि हिंग-मिरची शेगडी बंद करून घालायची. पहिल्यांदा तिच्यासोबत तिथे उभं राहून एक साधी आमटी करा. आमच्या घरी खाल्लेल्या दहा जेवणांपेक्षा ती एक आमटी तिला जास्त दिवस पुरते, असं मी पाहिलं आहे.

भाजीसाठी तुर्की दुकान दाखवा. कोथिंबिरीची भरघोस जुडी, भेंडी, पुदिना, छोले तिथे मिळतात. बाकी किराणा आल्डी किंवा लिडलमधून. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत खरेदी उरकावी. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. पाण्याच्या नाहीतर शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की ते पैसे मिळतात.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. त्या वेळात मिक्सर लावू नये, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकू नयेत. कचरा कागद, प्लॅस्टिकची वेष्टणं, ओला, काच आणि उरलेला असा वेगळा करायचा. एकीनं चुकीच्या डब्यात टाकलं की सगळ्या मजल्याला ऐकून घ्यावं लागतं. पेट्यांजवळ नेऊन एकदा दाखवलं की पुरतं. आणि कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. खोलीत कपडे वाळवून खिडक्या बंद ठेवल्या की भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

प्रवासाचं थोडक्यात: बहुतेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कातच प्रवासाचं तिकीट असतं, ते कुठवर चालतं हे वाचून घ्यावं. देशभर चालणारं असलं तरी ते शहरातल्या आणि प्रादेशिक गाड्यांपुरतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड, आणि "माहीत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही.

विद्यापीठ

इथे हजेरीची सक्ती सहसा नसते आणि वर्गचाचण्याही नसतात. आपल्याकडे वर्षभर कुणीतरी मागे लागलेलं असतं, इथे कुणीही विचारत नाही. परीक्षेसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तिची मुदत गेली की विषय कितीही तयार असला तरी बसता येत नाही. अनेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की त्या शाखेतून कायमचं बाहेर पडावं लागतं, आणि जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही तो अभ्यासक्रम सहसा करता येत नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण पहिल्याच महिन्यात सांगा. गुणांची पद्धत उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. घरच्यांनाही हे समजावून ठेवा, म्हणजे २.३ आले म्हणून कुणी रडारड करणार नाही.

नोकरीची घाई पहिल्या सत्रात नको. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. रोख पैसे देऊन बिनकागदाचं काम देणाऱ्यांपासून तिला लांब ठेवा. त्यात परवाना धोक्यात येतो. संध्याकाळचा तास जर्मन शिकण्यात घालवावा, विद्यापीठात वर्ग बहुधा फुकट असतात. इंग्रजीत शिक्षण होतं, पण नोकरी, डॉक्टर आणि शेजारी जर्मनच बोलतात.

नोव्हेंबर ते जानेवारी

आता खरं काम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी अंतर साडेचार तासांचं होतं. तिचा वर्ग सहाला सुटला तर घरी साडेदहा वाजलेले असतात. दिवसभर साठलेलं सांगायला घरी कुणी जागं नसतं. सत्र सुरू झाल्यावर लगेच दिवाळी येते आणि तिची सुट्टी नसते. डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येतं. जवळच्या शहरात मराठी मंडळ असेल तर दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन जा, पण तिथे तिच्या वयाची दोन मुलं गाठून द्या. मोठ्यांच्या घोळक्यात ती एका कोपऱ्यात उभी राहील.

घरच्यांशी बोलायची वेळ सकाळची ठरवून घ्यायला सांगा. आठवड्यात एक तरी काम असं हवं जिथे तिची वाट पाहिली जाते: खेळाचा गट, वाद्यवृंद, जर्मन बोलायला मिळालेली जोडीदार. खोलीतून बाहेर पडायला दुसरं काही इतकं उपयोगी पडत नाही.

फोनवर "जेवलीस का?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. "आज काय केलंस?" असं विचारा. भाजी कोणती, कुणाबरोबर खाल्ली, आठवड्यात मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, कितीदा गेली, यावरून कळतं. सलग काही दिवस उत्तरं तुटक येऊ लागली, झोपेच्या वेळा उलट्यापालट्या झाल्या, वर्ग बुडू लागले, तर भेटायला जा. विद्यार्थी कल्याण संस्थेचा समुपदेशन विभाग जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या गावी असतो, बहुतेक ठिकाणी मोफत, आणि इंग्रजीतही बोलता येतं. अपॉइंटमेंट घ्यायला तिच्या शेजारी बसा. तिला न विचारता आधी आईवडिलांना कळवू नका. ती सज्ञान आहे, आणि तुमच्यावरचा विश्वास एकदा गेला की ती पुढचं काहीच सांगणार नाही. जीवाला धोका दिसला तर मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका, सरळ ११२ फिरवा.

नाताळची वेळ सगळ्यांत अवघड. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला सुट्टी. जर्मन मुलं घरी गेलेली असतात, होस्टेलचे मजले रिकामे पडतात, मेन्झाही बंद असतो. २३ तारखेला फ्रिज भरून ठेवायला सांगा. २४ चं जेवण तुमच्याकडे आहे हे तिला आत्ताच सांगून ठेवा, आणि तिच्या मजल्यावर मागे राहिलेलं आणखी कुणी असेल, मग ते कुठल्याही देशाचं असो, तर त्यालाही सोबत घेऊन यायला सांगा.